नेल पार्लरची स्वच्छता कुणासाठी?

गेल्या वर्षी आमच्या आत्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख काढावं लागलं. घरात लग्न होतं म्हणून आम्ही दोघी पुण्यातल्या एका नेल पार्लरमध्ये गेलो होतो. आत्याला साठी उलटून वर्ष झालंय, मधुमेह जुना, गुडघे धरलेले. खाली वाकून स्वतःची नखं कापणं तिला जमत नाही. तिथल्या मुलीनं टाचेची कातडी पात्यानं खरवडली, नखांच्या कडा कोरल्या, थोडं रक्त आलं तसा कापूस दाबला. चौथ्या दिवशी अंगठा टम्म सुजला. नखुरडं असेल म्हणून हळद लावण्यात आणखी दोन दिवस गेले. मग डॉक्टर, इंजेक्शनं आणि तीन आठवडे ड्रेसिंग. मुलीच्या लग्नात आत्या एका खुर्चीत बसून होती.

घरात निकाल लागला, "असल्या पोरींना स्वच्छता कुठून ठाऊक असणार?" त्या 'असल्या'मध्ये जात, गाव, गरिबी सगळंच आलं. खरं सांगायचं तर मीही त्या दिवशी हेच मनात घेऊन भांडायला गेले होते.

भांडण झालं नाही. मालकीण नव्हती, आणि ती मुलगी एकटीच डबा खात बसली होती. लातूरकडची, लग्न होऊन पुण्याला आलेली, स्वतःचे पैसे भरून तीन महिन्यांचा क्लास केलेली. क्लासमध्ये सगळं शिकवलं होतं तिला. हत्यारं साबणानं धुवायची, औषधाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवायची, मग वाफेच्या यंत्रात घालायची. "पण ताई, खुर्च्या चार आणि हत्यारांचे सेट दोन. एक बाई उठली की दुसरी बसते. दहा मिनिटं कुठून आणू?" वाफेचं यंत्र नव्हतंच. निळा दिवा लागणारी एक पेटी होती, तिच्यात हत्यारं ठेवलेली दिसली की गिऱ्हाइकाचं समाधान होतं. आत्याच्या रक्ताबद्दल तिचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले होते. आणि तिला पाचवा महिना होता.

त्या दिवसापासून 'स्वच्छ पार्लर कुठलं गं?' असं कुणी विचारलं की मला नुसता पत्ता सांगून गप्प बसवत नाही.

आधी गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलते, कारण तेही खोटं नाही. ती निळी पेटी जंतू मारण्याचं खात्रीचं साधन नाही, धुतलेलं हत्यार ठेवण्याचं कपाट एवढंच तिचं मोल. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर जिवंत राहू शकतो, हे लक्षात ठेवलं तर पुसून घेतलेल्या चिमट्याचा अर्थ कळेल. कानस, बफर, लाकडी काडी, टाच घासायचा दगड यांना बारीक छिद्रं असतात, ती नीट निर्जंतुक होत नाहीत. ती आपली आपण घरून न्यावीत. नखाभोवतीची कातडी कापू देऊ नये, ती जंतूंना आत येऊ न देणारी भिंत आहे. मधुमेह असलेल्या बाईच्या टाचेला पातं लावूच देऊ नये. आणि फवाऱ्याच्या टबाची फार ऐट वाटून घेऊ नये. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथं एकाच नेल सलूनच्या शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं उठली. टबात पाणी आत खेचणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा कचरा साचला होता आणि त्यात क्षयाच्या जंतूच्याच कुळातला एक जंतू वाढला होता. आधी वस्तऱ्यानं पायांवरचे केस काढलेल्यांना धोका जास्त होता. साधी घासून धुतलेली घमेली परवडली!

पण हे सगळं आपल्या तासाभराचं झालं. ती मुलगी तिथं दहा तास बसते.

काचेची बंद खोली, एसी चालू, खिडकी नाही. नेलपॉलिश, ते काढायचं ॲसिटोन, ॲक्रेलिकचा तो डोक्यात जाणारा वास, मशीननं घासताना उडणारी भुकटी. टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट या तीन रसायनांना या धंद्यातल्या कामगारांसाठी झगडणाऱ्या संघटनांनी विषारी त्रिकूट असंच नाव दिलं. जेल पॉलिशमधलं टीपीओ नावाचं रसायन युरोपीय संघानं प्रजननाला घातक ठरवून 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. आपल्या मुलीच्या तोंडाला असतो तो साधा मास्क. तो भुकटी थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही. मी तिला खोकला कधीपासून आहे विचारलं, तर म्हणाली, "हा कामाचा खोकला आहे, रविवारी जातो."

श्रीमंत देशांतही हे आपोआप सुधारलेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये 2015 साली एका दैनिकानं नेल सलूनमधल्या बायकांची मजुरी आणि आजारपणं यांवर लेखमाला छापली. तिच्यातल्या काही तपशिलांवर नंतर वाद झाले, पण सरकारला तपासण्या सुरू कराव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी हवा बाहेर काढण्याच्या यंत्रणेचा नियम आला. कॅलिफोर्नियात तर व्हिएतनामी बायकांच्या संघटनांनी स्वच्छ हवेचं, कमी विषारी मालाचं सलून ओळखून त्याला सरकारमान्य शिफारस मिळवून देण्याची पद्धतच बसवली. आपल्याकडे भिंतीवर शॉप ॲक्टचा कागद लावलेला असतो. त्याचा हत्यारं उकळण्याशी काही संबंध नाही. आणि प्रसूतीच्या रजेचा कायदा दहा माणसांपासून पुढच्या दुकानाला लागू होतो. चार खुर्च्यांच्या पार्लरमधली गर्भार बाई त्याच्या बाहेरच.

आपल्या चळवळीनं या धंद्याकडे फारसं पाहिलं नाही. 1996 मध्ये बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. तो विरोध मला आजही पटतो. पण सौंदर्याच्या बाजाराला नाव ठेवताना त्या बाजारात स्टुलावर बसून दुसऱ्याचे पाय मांडीवर घेणारी बाई आपल्या नजरेतून सुटली. आणि पार्लर म्हणजे नुसती चैन, हेही मला मान्य नाही. वाकता न येणाऱ्या म्हातारीची नखं घरात कोण कापतं? सून. तिला वेळ नसेल तर कुणीच नाही.

दुसऱ्याची नखं, केस, पाय यांना हात लावायचं काम आपल्या समाजानं जातीला बांधून हलकं ठरवलं. त्याच समाजात 1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी बायकांसाठी आपला वस्तरा खाली ठेवला. आपल्याला पन्नास रुपये जास्त द्यायला, 'मी दहा मिनिटं थांबते, आधी हत्यारं बुडव' म्हणायला, मालकिणीला 'खिडकी का नाही?' विचारायला काय होतं? मालकिणीशीही मी नंतर बोलले. तिच्या डोक्यावर कर्ज आहे, भाडं दर वर्षी वाढतं, आणि शेजारचं पार्लर निम्म्या दरात पाय करून देतं. स्वस्त हवं आणि स्वच्छही हवं, हे आपलंच गणित आहे ना?

आत्या आता एका लहान पार्लरात जाते. रस्त्यालगतची खोली, दार उघडं, टेबलावर पंखा. कानस आणि दगड पिशवीत घालून नेते, मधुमेहाचं आधी सांगते, पातं नको म्हणते. पहिल्यांदा तिथली बाई जरा रागावली होती.

लातूरच्या त्या मुलीला सातव्या महिन्यात 'आता घरी आराम कर' असं सांगण्यात आलं. पगाराचा विषय कुणी काढला नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "ताई, बाळ चार महिन्यांचं झालं की परत जाणार आहे. जागा ठेवली असली तर."