गाडीला नावं ठेवण्याआधी टायर बघा!

हिवाळा आला की एक रील हमखास आपल्या फीडवर येतं. अमेरिकेतला बर्फाळ रस्ता, सिग्नलला उभी असलेली मस्टँग, आणि हिरवा दिवा लागताच तिची मागची बाजू सर्रकन आडवी! बघणारे लगेच निकाल देऊन मोकळे होतात, ‘रिअर व्हील ड्राइव्ह ना, बर्फात असंच होणार.’ स्पोर्ट्स कार झाकून ठेवा आणि ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ एसयूव्ही काढा, हा सल्लाही ठरलेला. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. आणि खरं सांगायचं तर धोकादायकही.

आधी गाडीची बाजू समजून घेऊ. मस्टँगचं इंजिन पुढे, त्यामुळे वजन पुढे जास्त. ताकद मात्र मागच्या चाकांना. बर्फात अॅक्सिलरेटर जोरात दाबला की ती चाकं जागीच फिरतात आणि मागची बाजू घसरते. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ताकद चारही चाकांत वाटली जाते, म्हणून गाडी झटकन निघते. इथपर्यंत मान्य.

पण थांबायचं कसं? ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना लागतात. तिथे ऑल व्हील ड्राइव्हचा काही उपयोग नाही. तिथे कामाला येते ती टायरची पकड. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली विंटर टायर वापरा असं म्हणतात, कारण त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. उन्हाळी टायरवरची एसयूव्ही ऐटीत निघेल, पण वेळेवर थांबेलच असं नाही. सहज निघाली म्हणून चालवणारा वेग वाढवतो, आणि घात होतो तो तिथेच.

म्हणूनच काही ठिकाणी कायदा गाडीच्या ड्राइव्हबद्दल बोलत नाही, टायरबद्दल बोलतो. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर लागतात.

आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात हरतेच असंही नाही. बर्फ आणि घाटांसाठी प्रसिद्ध असलेली मोंटे कार्लो रॅली १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं पोर्शे ९११ ने जिंकली. तिचं इंजिनच मागे, त्यामुळे ताकदीच्या चाकांवर वजनही भरपूर.

बाकी काम चालवणाऱ्याचं. अॅक्सिलरेटर हलका, ब्रेक वळणाच्या आधी, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. मागची बाजू उजवीकडे घसरली तर घाबरून ब्रेक मारायचा नाही. पाय अलगद उचलायचा आणि स्टिअरिंगही उजवीकडेच वळवायचं. फिनलंडमध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी चालवणं लायसन्सच्या प्रशिक्षणातच येतं.

आपल्यातले कितीतरी जण एमएससाठी मिशिगनला, टोरांटोला किंवा म्युनिकला जातात आणि तिथे सेकंडहँड गाडी शोधतात. ‘ऑल व्हील आहे ना, मग टेन्शन नाही’ असं कुणी म्हणालं तर आधी वाकून टायर बघा. बजेटमध्ये विंटर टायरचे पैसे वेगळे ठेवा. त्यापायी गाडी एक मॉडेल जुनी घ्यावी लागली, तरी बेहत्तर.