नबींची नावे कोणाच्या मालकीची?

अकीक्यासाठी नाव शोधणारे पालक हल्ली विचारतात, “सर, हे नाव यहुदी तर नाही ना?” गाझाची दृश्ये पाहून मन पेटते, ते माझेही पेटते. पण रागाच्या भरात आपण नबींचीच नावे तपासायला लागलो आहोत, हे कोणाच्या लक्षात येते का?

दुसरीकडे बाजारातली नावांची पुस्तके आणि मोबाईलवरच्या याद्या. इब्राहीम, इस्माईल, याकूब या सगळ्यांपुढे डोळे झाकून ‘अरबी’ छापलेले. अर्थाच्या रकान्यात ‘एका नबीचे नाव’. हा काय अर्थ झाला? ‘गांधी’ शब्दाचा अर्थ ‘राष्ट्रपिता’ असे कोणी उत्तरपत्रिकेत लिहिले तर मी शून्य गुण देईन.

ही नावे मुळात अरबी नाहीत, हे खुद्द अरबी व्याकरणच सांगते. मदरशातला विद्यार्थी सुरुवातीलाच ‘गैर-मुन्सरिफ’ शब्द शिकतो, म्हणजे ज्यांना तनवीन लागत नाही असे शब्द. त्याचे एक कारण ‘उजमा’, शब्द अरबेतर असणे, आणि उदाहरण असते इब्राहीम. बाराव्या शतकातले बगदादचे भाषापंडित अल-जवालीकी यांनी तर अरबीत आलेल्या परक्या शब्दांवर ग्रंथच लिहिला. त्यांच्या मते आदम, सालेह, शुऐब आणि मुहम्मद (स.) ही चार नावे सोडली तर सर्व नबींची नावे अजमी आहेत. त्यामुळे त्यांच्या ईमानाला धक्का लागला नाही. आपल्यालाच भीती कसली?

अर्थ पाहा. इस्माईल म्हणजे इब्रानीत (हिब्रूत) ‘यिश्मा-एल’, ईश्वर ऐकतो. तौरातच्या पहिल्या ग्रंथात फरिश्ता रानात हाजराला हे नाव सांगतो, कारण तिचे दुःख ऐकले गेले. आता सूरह इब्राहीमची ३९ वी आयत उघडा. हजरत इब्राहीम (अ.) इस्माईल आणि इस्हाक दिल्याबद्दल शुक्र मानतात आणि आपला रब दुआ ऐकणारा आहे असे म्हणतात. तिथला शब्द ‘समीअ’. ‘यिश्मा’ आणि ‘समीअ’ एकाच धातूचे.

इस्हाक म्हणजे ‘तो हसतो’. सूरह हूदच्या ७१ व्या आयतीत त्याच्या जन्माची खुशखबर आहे आणि तिथेच त्याची आई हसते. याच आयतीत इस्हाकच्या मागोमाग याकूब येतो. याकूब नावाचा संबंध टाचेशी, मागून येण्याशी. आपल्या उर्दूतला ‘अकब’, म्हणजे पाठीमागे, त्याच घरातला. जकरिया म्हणजे ‘ईश्वराने आठवण ठेवली’, आणि सूरह मरयममध्ये त्यांची हकीकत सुरू होते तीच ‘जिक्र’ या शब्दाने. ‘एका नबीचे नाव’ एवढाच अर्थ छापणाऱ्यांनी आपल्या मुलांकडून हे सगळे हिरावून घेतले आहे.

आणि ‘यहुदी नावा’चा प्रश्न? याकूब (अ.) यांचेच दुसरे नाव इस्राईल. कुरआनात ते आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या राज्याने ते घेतले म्हणून ते त्या राज्याचे झाले नाही. राज्याच्या जुलमाचा निषेध जरूर करा, जोरात करा. पण नबीचे नाव त्याच्या हवाली कशाला करता?

लांब जायला नको, आपले कोकण बघा. तिथले बेने इस्राईल मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यात शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, आणि मोशेचा चक्क मुसाजी. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे नाव ‘शआर हा-रहमीम’, दयेचे दार. ‘रहमीम’ वाचून ‘रहमान’ आठवला नाही असा मुसलमान असेल का? त्या इमारतीला लोक जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात.

आमच्या नावांना ‘बाहेरची’ म्हणणाऱ्यांनीही हा इतिहास वाचावा. कोकणातला मुसाजी दिवेकर, नाशकात शरणपूर रोडच्या ख्रिस्ती घरातला याकोब आणि जुन्या नाशकातला याकूब, तिघेही मराठीतच भांडतात, मराठीतच हिशेब करतात. नाव इथले की तिथले हे त्याच्या धातूवरून ठरवायचे, तर अर्धी मराठी ‘बाहेरची’ ठरेल. ‘हिशेब’ हा शब्दसुद्धा.

म्हणून पालकांना सांगतो, इस्माईल नाव खुशाल ठेवा. आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याने अर्थ विचारला, तर ‘एका नबीचे नाव’ म्हणून त्याला वाटेला लावू नका. हाजराची हकीकत सांगा. रानात एकट्या पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या बाईचे दुःख ऐकले गेले, तेव्हा हे नाव मिळाले, हे त्याला कळू द्या.