माझा तास मला परत द्या

मला श्वास घेता येतो. तो शिकवण्यासाठी माझं प्रशिक्षण लावू नका.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या साठ-पासष्ट शिक्षकांना एका सभागृहात बसवून 'ताणतणाव व्यवस्थापन' शिकवलं गेलं. साठ-पासष्ट शिक्षक इथे बसले, म्हणजे तितक्या गावांतली मुलं त्या दिवशी अर्ध्या मास्तरांवर राहिली. ज्या व्याख्यात्या आल्या होत्या त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या मनापासून बोलत होत्या. त्यांनी डोळे मिटायला सांगितले. चार आकडे मोजत श्वास आत घ्या, चार आकडे मोजत बाहेर सोडा. आम्ही डोळे मिटले आणि सभागृहभर फोन थरथरायला लागले. शिक्षकांच्या फोनवरच्या गटावर संदेश आला होता : 'अतितातडीचे. आधार न जुळलेल्या विद्यार्थ्यांची माहिती आज दुपारी 2 पर्यंत सादर करावी. विलंब झाल्यास आपली जबाबदारी राहील.'

माझ्या शेजारी बसलेल्या गुरुजींना दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते उठून बाहेर गेले, पायरीवर बसले, शाळेत थांबलेल्या सहकाऱ्याला फोन लावला आणि दाखल-खारीज रजिस्टरमधली नावं एकेक करून लिहून घ्यायला लागले. फोनच्या पलीकडून एकत्र बसवलेल्या चार वर्गांचा गलका मला दारापर्यंत ऐकू येत होता. त्या गुरुजींना श्वासाचा व्यायाम काय करणार आहे? त्यांचा रक्तदाब त्या संदेशाने वाढतो, आणि संदेश पाठवणारी यंत्रणाच त्या दिवशी आम्हाला मनःशांती शिकवायला बसली होती. याला मी निर्लज्जपणा म्हणते.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. 2002 साली महिना तीन हजार मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले. आज माझी शाळा द्विशिक्षकी आहे, पट 34, पहिली ते चौथी. म्हणजे रोज दोन वर्ग एकदम मी सांभाळते, दोन माझे सहकारी. जोडवर्ग कठीण असतो. दुसरीला गणित देऊन पहिलीला अक्षरं गिरवून घ्यायची, तोवर दुसरीतला कुणी हातचा विसरून बसतो. दिवस संपताना घसा बसलेला असतो, पाय दुखतात. पण हा शीण रात्री झोपल्यावर उतरतो. इतक्या वर्षांत शिकवून मी कधी आजारी पडले नाही.

आजारी पाडतं ते दुसरंच. आमच्या दुसरीत एक मुलगी आहे. गेल्या वर्षी ती काना-मात्रेला अडखळायची, या दिवाळीनंतर जोडाक्षरांवर आली. एका मंगळवारी दुपारी ती पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. "बाई, धडा वाचून दाखवू?" मी यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरत होते. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीच्या बाजूच्या खिडकीतच येते, तीही जाऊन-येऊन. मी म्हटलं, "थांब गं, एवढं होऊ दे." ती थांबली. ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. पान फिरत राहिलं, पुन्हा पासवर्ड मागितला, पुन्हा सुरुवात. तिने आणखी दोनदा विचारलं, मी दोनदा थांब म्हटलं. मग ती जागेवर जाऊन बसली. सुटीची घंटा झाली तेव्हा माहिती भरून झाली होती आणि तिचं पुस्तक दप्तरात गेलं होतं. जाताना तिने विचारलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत अशा रात्री खूप झाल्या, आणि त्यातली एकही शिकवण्याच्या कष्टाने आलेली नव्हती. समोर मूल शिकायला उभं आहे, मला शिकवता येतं, त्यासाठीच मला पगार मिळतो, आणि तरी मी त्याला थांब म्हणते. हे रोज केलं की माणूस आतून खचतो. याला ध्यानधारणा औषध नाही. याला औषध म्हणजे ती मुलगी वाचत असताना माझ्या हातात फोन नसणं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली. तिच्यात त्याला रोग म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे होणारी, कामाशीच निगडित गोष्ट म्हटलं आहे. मग उपाय कामाच्या ठिकाणी व्हायला हवा. आमच्याकडे तो माणसावर केला जातो, कारण माणसाला सभागृहात बसवणं सोपं आहे आणि एक परिपत्रक मागे घेणं अवघड.

आधारचंच घ्या. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवताना, आधार जुळलेलीच मुलं मोजली जातात. मूल रोज माझ्यासमोर बसतं, हजेरीत आहे, जेवायला आहे. पण आधारवर जन्मतारीख चुकली किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं की ते मोजणीतून गळतं. पट कमी दिसला की शिक्षकाचं पद जातं. म्हणून आम्ही पालकांच्या मागे लागतो. आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, आजीला काही कळत नाही, आधार केंद्र तालुक्याला. एका मुलासाठी मी तीन खेपा घातल्या आहेत, दोन रजा टाकून. चूक ज्याने नोंद केली त्याची, खेपा माझ्या आणि त्या आजीच्या. हे झालं की प्रत्येक मुलाचा अपार ओळखक्रमांक, पोषण आहाराची रोजची नोंद, झाड लावल्याचा फोटो, वाचन उत्सवाचा फोटो, शपथ घेतल्याचा फोटो. तीच माहिती केंद्रप्रमुखाला एका तक्त्यात, तालुक्याला दुसऱ्या तक्त्यात, जिल्ह्याला तिसऱ्या. काही नसेल तर 'निरंक' असं कळवायचं. काहीही घडलं नाही, हे कळवायलासुद्धा मुलांचा वेळ जातो.

आणि कायदा काय म्हणतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 स्पष्ट आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, या तीन गोष्टी सोडून शिक्षकाला कुठल्याही अशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाच्या प्रकरणात आणखी सांगितलं की मतदार यादीचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुटीच्या आणि शिकवणं नसलेल्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या दिवशी आणि वेळेत सहसा देऊ नये. प्रत्यक्षात आमचे किती तरी शिक्षक वर्षानुवर्षं बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम करणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी आहेत आणि शाळेच्या वेळेत घरोघर फिरतात. जानेवारी 2024 मध्ये मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी राज्यभर शिक्षकांना प्रगणक केलं. ते सर्वेक्षण गरजेचं होतं की नव्हतं हा माझा विषय नाही. कलम 27 च्या तीन अपवादांत ते बसत नव्हतं, एवढं मला वाचता येतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला. कागदावर वाटणी झाली. माझ्या फोनवरचे संदेश कमी झाले नाहीत.

लोक म्हणतात, तुम्हाला पगार आहे, सुट्ट्या आहेत, रडता कशाला. पगार आहे, चांगला आहे, आणि त्याबद्दल मी कधी तक्रार केलेली नाही. शाळेत उशिरा येऊन लवकर जाणारे शिक्षकही मला माहीत आहेत. त्यांची नावं लपवायला मी जात नाही, आणि त्यांच्यावर कारवाई झाली तर मला आनंदच आहे. पण लक्षात घ्या, तक्ते वेळेवर भरणारा शिक्षक वरच्यांच्या लेखी चांगला ठरतो. त्याच्या वर्गातली मुलं वाचतात की नाही, हे नंतर कधीतरी पाहिलं जातं. कामचुकाराला ही व्यवस्था सोयीची आहे. ती चिरडते ते मनापासून शिकवणाऱ्याला.

आता त्यात टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. माझी दहा वर्षं उरली आहेत. शिक्षकाला यायला हवं ते यायलाच हवं, परीक्षेला माझा विरोध नाही. मी रात्री अभ्यास करते आहे. पण अभ्यासाला वेळ कुठून आणायचा, हे कुठल्याच परिपत्रकात मी वाचलं नाही.

एक गोष्ट सभागृहात कुणी काढत नाही, म्हणून इथे लिहिते. आमच्या भागातल्या कितीतरी शाळांत बायकांनी जावं असं शौचालय नाही. कुठे कडी नाही, कुठे पाणी नाही, कुठे तेच मुलांचं. आणि एका शिक्षकावर दोन वर्ग असले की वर्ग सोडून जाताही येत नाही. म्हणून आम्ही पाणी पीत नाही. सकाळी घरून निघताना अर्धा पेला, मग थेट संध्याकाळी. मूत्रमार्गाचा संसर्ग आमच्यातल्या प्रत्येकीला कधी ना कधी झालेला आहे; डॉक्टर पाणी प्या म्हणतात, आम्ही मान हलवून येतो. शिक्षकांच्या आरोग्याची काळजी आहे ना? मग कडी लावा, पाण्याची तोटी बसवा. सुतार आणि प्लंबर एका दिवसात करून जातील.

आणि शाळेतली माणसं म्हणजे फक्त शिक्षक का? आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या ताई सकाळी नऊला येतात. तांदूळ निवडतात, चूल पेटवतात, चौतीस मुलांना वाढतात, भांडी घासतात. महिन्याला 2,500 रुपये, तेही वर्षातले दहा महिने. ते वेळेवर हातात पडतील याचा भरवसा नाही. किराणावाल्याची उधारी चुकवायची तर त्या माझ्याकडे उसने मागतात, आणि मागताना मान खाली घालतात. त्यांच्या ताणाचं व्यवस्थापन कुठल्या सभागृहात होणार? त्यांना तर निमंत्रणच नव्हतं. विनाअनुदानित शाळांत पहिल्या टप्प्याच्या अनुदानाची वाट पाहत अर्धं आयुष्य घालवलेल्या शिक्षकांना तरी कुणी काय सांगावं? पगारच नसलेल्या माणसाला सकारात्मक विचार करा म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

माझं बोलणं चुकीचं घेऊ नका. ज्याला खरोखर झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो, त्याने डॉक्टरकडे जावं, आजच जावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे. आमच्यातल्या एका बाईंना मी स्वतः घेऊन गेले होते. त्यांना औषधाने बरं वाटलं. मात्र त्या रजेवरून परत आल्या त्या दिवशी त्यांच्यासमोर मागच्या तीन आठवड्यांचे न भरलेले तक्ते ठेवले गेले.

मागणं फार नाही. शाळांच्या दर केंद्राला माहिती भरायला एक लिपिक द्या. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नका. बीएलओचं काम अशा माणसाला द्या ज्याची वाट बघत वर्ग बसलेला नाही. आमच्या संघटना जुन्या पेन्शनसाठी आणि बदल्यांसाठी रस्त्यावर उतरतात, मीही उतरले आहे. मुलांच्या तासासाठी मात्र आम्ही एकदाही तेवढ्या जोराने उतरलो नाही, ही आमची चूक आहे आणि ती आम्हीच दुरुस्त केली पाहिजे.

येत्या सोमवारपासून परिपाठ ते मधली सुट्टी माझा फोन शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला असेल. पालकांना सांगितलं आहे, काही तातडीचं असेल तर स्वयंपाकाच्या ताईंच्या फोनवर कळवा. ताई हो म्हणाल्या. कलम 27 चा उल्लेख करून तसं पत्र मी कार्यालयात दिलं आहे आणि पोच घेतली आहे.