भरपाईच्या दोन वाटा

२१ एप्रिल २०२१ हा दिवस नाशिककर विसरलेले नाहीत. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागली आणि किमान २२ रुग्ण दगावले. शासनाने प्रत्येक मृताच्या कुटुंबास ५ लाख रुपये जाहीर केले. त्यासाठी दोष सिद्ध होण्याची अट नव्हती. मात्र घरचा कर्ता गेला काय किंवा वृद्ध गेला काय, रक्कम एकच.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. सशुल्क उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तेथे भरपाईस कमाल मर्यादा नाही. परंतु निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार सहसा तक्रारदारावर असतो आणि त्यात वर्षे जातात. न्यूझीलंडने १९७४ पासून दोष न शोधता इजेची भरपाई देण्याची पद्धत स्वीकारली. त्याबदल्यात न्यायालयात दावा करण्याचा हक्क बहुतांशी सोडावा लागला.

आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, तोवर एवढे ध्यानात असू द्यावे : उपचारांची कागदपत्रे लेखी मागावीत, ती ७२ तासांत देण्याचा नियम आहे. तक्रार २ वर्षांच्या आत दाखल करावी. दुःखाच्या दिवसांत कागद सांभाळणे कोणास सुचत नाही. म्हणून घरातील एकाने ते काम आपल्याकडे घ्यावे.