मातृवृक्ष दाखवा, मग पैसे घ्या!



पोरगं कारखान्यात लागलं म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या माणसांचं तळवडे-चाकणला येणं-जाणं असतं. परतताना रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून काजूची, बदामाची दोन-चार रोपं पिशवीतून नेली जातात. कापूस-ज्वारीच्या भावानं पोट भरत नाही आणि सुक्या मेव्याचा भाव कानावर असतो. मोह पडला तर त्यात गैर काही नाही. पण रोपाचा वाण कोणता, असं आम्ही विचारलं की उत्तर येतं, "काजू."

काजू हे झाडाचं नाव झालं, वाणाचं नव्हे. दुकानात जाऊन नुसतं "कापूस द्या" असं आपल्यापैकी कोणी म्हणतं का? बियाणं फसलं तर एक हंगाम बुडतो. झाड फसलं तर ते कळायलाच पाच-सात वर्षं जातात. बदामाचंही तसंच. खाण्याच्या बदामाला कडक थंडी लागते. आपल्याकडे सहज वाढतो तो देशी बदाम, ते झाडच वेगळं.

काजूत एका झाडाचा पराग दुसऱ्यावर जातो. त्यामुळे चांगल्या झाडाचं बी लावलं तरी रोप आईसारखं निघेलच असं नाही. आईचे गुण टिकतात ते कलमात. कोकणात वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं झाडं पारखून, संकर करून वाण दिले. वेंगुर्ला-४ ची बी सुमारे ७.७ ग्रॅमची, १९९७ साली आलेल्या वेंगुर्ला-७ ची सुमारे १० ग्रॅमची. दोन्हींत गर ३०-३१ टक्के. पण काजूला निचऱ्याची जमीन लागते. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या भारी काळ्या रानात उत्तम कलम लावलं, तरी पैसा मातीतच जायचा.

मग कोरडवाहूवाल्यानं काय लावावं? चारोळी आणि बिबा ही काजूच्याच कुळातली झाडं. मुरमाड, खडकाळ जमिनीत, ओलिताशिवाय उभी राहतात. चारोळी आणि बिब्याची गोडंबी बाजारात महाग विकली जाते. गुजरातेत गोध्र्याजवळच्या केंद्रानं चारोळीचा 'थार प्रिया' हा वाण निवडून दिला. आपल्या शिवारातल्या, डोंगरातल्या झाडांची अशी पारख कोण करणार? सरकारची वाट पाहत बसायचं का?

अमेरिकेत हिकरीच्या कुळातलं पेकान नावाचं कवचफळाचं झाड आहे. लुइझियानातल्या एका मळ्यावर अंत्वान नावाचा गुलाम माळी होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्यानं एका उत्तम झाडाच्या काड्या घेऊन सोळा झाडांवर कलमं बांधली. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या वाणाचा गौरव झाला आणि त्याला 'सेंटेनियल' म्हणजे 'शताब्दी' हे नाव पडलं. ज्यानं वाण घडवला, त्याचं नाव वाणाला लागलं नाही!

आपलं तसं होऊ द्यायचं नसेल तर कामाला लागलं पाहिजे. उन्हाळ्यात चारोळी पिकते तेव्हा गावातली दहा झाडं निवडा. दर साल भरघोस लागणाऱ्या झाडाला चुन्याची खूण करा. प्रत्येकाच्या शंभर बिया वाळवून तोला, फोडा, गर पुन्हा तोला आणि वहीत लिहा. तीन वर्षं टिकेल तो आपला मातृवृक्ष. त्याच्या काड्यांवरून कलमं बांधा. फळासाठी फांदी तोडू नका. बिब्याला हात लावताना तेलापासून जपा, अंगावर फोड येतात.

२००१ च्या कायद्यानं शेतकऱ्यानं जोपासलेल्या वाणाची नोंद शेतकऱ्याच्या नावावर होऊ शकते. यादीत पीक नसेल तर ते घालून घेण्याची मागणी जिल्हा बैठकीतून गेली पाहिजे. आणि दुसरी मागणी अशी, की रोप विकणाऱ्यानं वाणाचं नाव आणि मातृवृक्षाचा पत्ता पावतीवर लिहून द्यावा. तो देत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत. तीस वर्षांचा सोबती कोणी अंधारात निवडत नाही.