विमान जपायचे तर आधी छप्पर हवे

चंडीगडच्या हवाई तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ साली हवाई दलात आलेले हे विमान बासष्ट वर्षे सेवेत राहिले. त्यातली सहाशेहून अधिक विमाने देशातच तयार झाली. सांगाडा नाशिकजवळ ओझरला आणि इंजिन ओडिशातल्या कोरापुटला. तेव्हा निवृत्त झालेले एखादे मिग आपल्या शहराच्या चौकात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात उभे राहावे असे अनेकांना वाटणे स्वाभाविक आहे. चौथरा बांधला जातो, विमानाला चकचकीत रंग दिला जातो, फीत कापली जाते. अडचण सुरू होते ती पहिल्या पावसाळ्यानंतर.

विमान ॲल्युमिनियमचे असते आणि ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. घरातल्या पातेल्याला तो बऱ्यापैकी लागू पडतो, विमानाला नाही. शुद्ध ॲल्युमिनियम विमानासाठी फार मऊ असते. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना असे आढळले, की ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून, तापवून झटकन थंड केले, तर तो मिश्रधातू पुढच्या काही दिवसांत आपोआप कणखर होत जातो. यातून ड्युरॅल्युमिन आले आणि धातूच्या विमानांचे युग शक्य झाले. मात्र ज्या तांब्याने ताकद दिली, त्यानेच धातूला नाजूकही केले. तांबेयुक्त कण आणि आजूबाजूचे ॲल्युमिनियम यांच्यात ओलावा व मीठ मिळाले, की सूक्ष्म विद्युतघटच तयार होतात. धातू कणांच्या सीमारेषांवरून आतल्या आत कुरतडला जातो. गंजाचे आकारमान मूळ धातूपेक्षा जास्त असल्याने पत्रा फुगतो आणि जुन्या वहीच्या पानांसारखे त्याचे पापुद्रे सुटतात.

यावर उपाय म्हणून पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवण्याची पद्धत आली. हा थर स्वतः झिजून आतल्या धातूला वाचवतो. पण उद्घाटनापूर्वी उत्साहाने पॉलिश मारणारे हात हाच थर दरवेळी थोडाथोडा खरवडून काढतात. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम जिथे भिडतात तिथे गंज आणखी वेगाने धावतो. पंखांच्या आत पाणी साचते, कबुतरे घरटी करतात आणि त्यांची विष्ठा धातूला खाते. बाहेरून ताजा रंग असलेले विमान आतून पोखरलेले असू शकते. किनाऱ्यावर तर हवेतच मीठ असते. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात एअर इंडिया, हवाई दल आणि नौदल अशा तिघांची सेवा केलेले सुपर कॉन्स्टेलेशन आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत आहे, कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली भारतात घडलेले पहिले लढाऊ जेट. ही विमाने पाहून कितीतरी मुलांनी आकाशाचे स्वप्न पाहिले असेल. खारे वारे आणि कोकणपट्टीचा पाऊस मात्र त्यांच्या योग्यतेकडे पाहून सवलत देत नाहीत.

खाऱ्या पाण्याने धातूचे काय होते आणि त्यावर काय करता येते, याचे उत्तम उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. १९४० साली केंटच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलेले जर्मन डॉर्नियर-१७ बॉम्बर जून २०१३ मध्ये वर काढण्यात आले. या जातीचे दुसरे जवळपास अखंड विमान जगात माहीत नाही. सत्तर वर्षे पाण्याखाली राहिलेला हा धातू नुसता वाळवला असता, तर त्यात मुरलेल्या क्लोराइडने हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने त्याचा फडशा पाडला असता. म्हणून इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने कॉसफर्डच्या संग्रहालयात प्लास्टिकचे बोगदे उभारून त्यात विमानाचे भाग ठेवले गेले आणि त्यांच्यावर सायट्रिक आम्लाचे, म्हणजे लिंबात असते त्याच आम्लाचे, सौम्य द्रावण फवारले जाऊ लागले. हे काम आठवड्यांचे नव्हते, वर्षांचे होते. आणि त्याचा हेतू विमान नवे दिसावे हा नव्हताच. आहे ते तसेच टिकावे, एवढाच होता.

हा फरक आपल्याकडे अजून पुरेसा पोहोचलेला नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेकडे ‘फ्लॅक-बेट’ नावाचे बी-२६ बॉम्बर आहे. दुसऱ्या महायुद्धात दोनशेहून अधिक मोहिमांवर जाऊन परतलेल्या या विमानाचा मूळ रंग आणि गोळ्यांच्या भोकांवर लावलेली ठिगळे जपण्यासाठी तज्ज्ञ झटत आहेत. नवा रंग देणे किती तरी सोपे आणि स्वस्त पडले असते. पण जुना रंग हा दस्तऐवज असतो. तो खरवडला की पुन्हा मिळत नाही.

रंग खरवडण्यात आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते. जुन्या विमानांच्या रंगाखालचा हिरवट-पिवळा अस्तराचा थर अनेकदा झिंक क्रोमेटचा असतो. त्यातले सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. सँडपेपरने किंवा ग्राइंडरने तो घासला की धूळ थेट फुप्फुसात जाते. ब्रेकच्या अस्तरात, गॅस्केटमध्ये, इंजिनाजवळच्या उष्णतारोधक पडद्यात ॲस्बेस्टॉस असू शकते; त्याच्या तंतूंचा परिणाम दिसायला काही दशके लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कॉकपिटमधल्या तबकड्या अंधारात दिसाव्यात म्हणून त्यांवर रेडियमयुक्त रंग लावलेला असे. अशी तबकडी आज चमकत नाही, म्हणून ती निरुपद्रवी झाली असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात थकलेला असतो तो चमकणारा पदार्थ. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे; ऐंशी वर्षांत त्याला फारसा फरक पडत नाही. काच शाबूत असलेली एक तबकडी भिंतीवर टांगल्याने कुणी आजारी पडेल असे नाही. पण काच फुटलेली, रंगाची भुकटी सुटलेली तबकडी हाताळणे आणि त्याच हाताने डबा खाणे ही वेगळी गोष्ट. बंद खोलीत अशा डझनभर तबकड्या साठवल्या तर रेडॉन वायूही साचतो. ब्रशचे टोक ओठांनी टोकदार करून घड्याळे रंगवणाऱ्या अमेरिकी कामगार मुलींचे जबडे आणि जीव १९२० च्या दशकात याच रंगाने घेतले होते.

यावर घाबरून जाण्याचे कारण नाही. किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र आणि जाणकार माणूस यांच्या साहाय्याने एका दुपारी विमान तपासून होते. या क्षेत्रावर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच आहे. ओले घासकाम, योग्य मुखपट्टी, वेगळे कपडे, उत्क्षेपण आसनातली स्फोटके काढल्याची लेखी खातरजमा, एवढे केले तरी बरेच साधते. पण हे काम ज्यांच्याकडे सोपवले जाते ते बहुधा रोजंदारीचे रंगारी किंवा हौसेने आलेले विद्यार्थी असतात आणि त्यांना ते काय घासत आहेत हे कुणी सांगितलेलेच नसते. विमान देणाऱ्याने त्यातल्या घातक पदार्थांची यादी सोबत देणे आणि घेणाऱ्याने ती वाचल्याची सही करणे सक्तीचे व्हायला हवे.

जुने विमान उडवत ठेवणे हाच त्याचा खरा सन्मान, असे मानणारा एक पक्ष आहे आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. हवाई दलाकडे २०१८ मध्ये ‘परशुराम’ हे डाकोटा विमान आले. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन ते स्वतः उडत भारतात पोहोचले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाची आठवण म्हणून त्याला व्हीपी ९०५ हा क्रमांक देण्यात आला आहे. त्याच्या इंजिनांचा आवाज कोणत्याही काचेच्या पेटीत ठेवता येणार नाही. पण २०१९ साली अमेरिकेत हौशी प्रवाशांना घेऊन उडालेले बी-१७ कोसळून सात जण मेले आणि तपासात देखभालीतल्या त्रुटीही पुढे आल्या. त्याआधीच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये जुने युंकर्स-५२ पडून वीस जण गेले. तिथे कारण वैमानिकांचे धोकादायक उड्डाण हे होते, पण तपासणीत सांगाड्यात गंज आणि धातूचा थकवाही सापडला. शिस्तबद्ध हवाई दलाने, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांसह, मोजकी विमाने उडवावीत. त्यात तिकीट काढून प्रवासी बसवू नयेत.

भारताला या कामाची परंपरा नाही असेही नाही. महायुद्ध संपल्यावर कानपूरला सोडून दिलेली लिबरेटर बॉम्बर विमाने पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून जाणूनबुजून मोडतोड केलेली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यातली सुमारे चाळीस उभी केली, कशीबशी बंगळुरूला उडवत नेली आणि नीट दुरुस्त करून हवाई दलाला दिली. ती १९६८ पर्यंत उडाली. आज ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या संग्रहालयांत जी लिबरेटर दिसतात, त्यातली काही हीच कानपूरच्या भंगारातली आहेत. हौसेपोटी नव्हे, गरजेपोटी हे घडले. पण हात इथलेच होते.

असे हात ओझरमध्ये, कोरापुटमध्ये, निवृत्त तंत्रज्ञांच्या घरी आजही आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत. शंभर चौकांत शंभर मिग गंजत ठेवण्यापेक्षा दहा विमाने निवडावीत. त्यांना छप्पर, कोरडी हवा आणि मोजमापांची नोंदवही द्यावी. ज्यांनी ती बांधली त्यांना बोलावून कोणता भाग कसा उघडायचा हे चित्रित करून घ्यावे. चौथऱ्यावर काही हवेच असेल, तर फायबरची प्रतिकृती चालेल. तिला पावसाचे भय नाही आणि तिच्या अंगावरचा रंग घासताना कुणाच्या छातीत क्रोमियम जात नाही.