गोळी कमी करण्याचीही चिठ्ठी हवी

४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीचे पाणी निफाड तालुक्यातील सायखेडा आणि चांदोरीत शिरले. बातम्यांत दिसले ते पाण्याखालचे रस्ते आणि सुरक्षित जागी हलवलेली कुटुंबे. अशा दिवसांत आणखी एक गोष्ट घडते, तिची बातमी होत नाही. पूल वाहतुकीला बंद होतो, नाशिकला जाता येत नाही, मेडिकलचे शटर खाली असते, आणि वर्षानुवर्षे रोज रात्री न चुकता एक गोळी घेणाऱ्या माणसाची स्ट्रिप संपते. दोन-तीन दिवसांत त्याची झोप उडते, घाम फुटतो, मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखे होते. घरचे म्हणतात, पुराचा धसका घेतला. दवाखान्यात आल्यावर डॉक्टरही बहुधा तेच म्हणतात. गोळी कधी संपली, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

पूर काही दरवर्षी येत नाही. औषध एकदम तुटण्याची नेहमीची कारणे याहून साधी असतात. कांद्याचे भाव पडले म्हणून महिन्याचे औषध लांबणीवर पडते. द्राक्षाच्या हंगामात दवाखान्यात जायला दिवस मिळत नाही. मुलीचे स्थळ ठरत असते आणि पाहुण्यांसमोर गोळ्यांचा डबा नको असतो. वजन वाढलेले असते, पाळी चुकू लागलेली असते, नवऱ्याबायकोत दुरावा आलेला असतो आणि त्यातले काहीच डॉक्टरांना सांगण्यासारखे वाटत नाही. किंवा माणूस बरा झालेला असतो, गेली चार वर्षे बरा असतो, आणि त्याच्या मनात रास्त प्रश्न येतो की आता ही गोळी कशासाठी? तो प्रश्न तो डॉक्टरांना विचारत नाही. विचारला तर ‘आयुष्यभर घ्यावी लागेल’ किंवा ‘स्वतःच्या मनाने बंद केलीत तर माझ्याकडे येऊ नका’ असे ऐकावे लागेल, याची त्याला धास्ती असते. मग तो घरीच गोळी बंद करतो.

मनोविकारांवरील औषधे सुरू कशी करावीत, डोस किती दिवसांनी वाढवावा, हे वैद्यकीय शिक्षणात नीट शिकवले जाते. ती कमी कशी करावीत, हे जवळजवळ कोणी शिकवत नाही. रुग्ण औषध सोडतातच. ते डॉक्टरांच्या सोबतीने सोडतील की एकट्याने, एवढेच आपल्या हाती असते. म्हणून औषध कमी करण्याची विनंती हा बेशिस्तीचा पुरावा न मानता उपचाराचाच एक टप्पा मानला पाहिजे. त्या टप्प्यालाही लेखी योजना, तपासणीच्या तारखा आणि अडचणीत फोन उचलणारा माणूस लागतो.

यामागचे शास्त्र गेल्या काही वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त मांडलेला मुद्दा प्रत्येक कुटुंबवैद्याने टेबलाजवळ लिहून ठेवावा असा आहे. सिटॅलोप्रामची ४० मिलिग्रॅमची गोळी मेंदूतील सेरोटोनिन वाहकांपैकी सुमारे ८५ टक्के व्यापते. डोस निम्म्यावर, २० मिलिग्रॅमवर आणला तरी हे प्रमाण सुमारे ८० टक्केच राहते. पाच मिलिग्रॅमच्या आसपास ते साठ टक्क्यांजवळ असते, आणि २० टक्क्यांपर्यंत खाली यायचे तर डोस एका मिलिग्रॅमच्याही आत न्यावा लागतो. म्हणजे चाळिसावरून विसावर येणे सोपे जाते, पण पाचावरून शून्यावर येणे ही फार मोठी उडी असते. घाटाच्या शेवटच्या पाण्याखालच्या पायऱ्यांवरच पाय घसरतो, तसेच इथे होते. आपल्याकडची नेहमीची रीत नेमकी याच्या उलट आहे: अर्धी गोळी पंधरा दिवस, मग पाव गोळी पंधरा दिवस, मग बंद. शेवटच्या टप्प्यात रुग्ण कोसळला की ‘बघा, आजार अजून आहेच’ असा निष्कर्ष निघतो आणि गोळी पूर्ण डोसमध्ये परत सुरू होते. पुढे कित्येक वर्षे कमी करण्याचा विषय निघत नाही.

‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्लाही तपासून पाहायला हवा. एस्सिटॅलोप्रामची रक्तातली पातळी साधारण सव्वा दिवसात निम्मी होते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन त्याहूनही लवकर उतरतात. अशा औषधांत एक दिवसाआड घेणे म्हणजे मेंदूला दररोज वर-खाली झोके देणे. शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुऑक्सेटिनला ते काही प्रमाणात चालते, बाकीच्यांना नाही. सावकाश विरघळणाऱ्या, म्हणजे एस.आर., एक्स.आर., सी.आर. अशी अक्षरे असलेल्या गोळ्या तोडून पाव-अर्धी करणे तर सरळ धोक्याचे, कारण गोळी तुटली की तिची सावकाश सुटण्याची रचनाच मोडते. नेदरलँड्समध्ये पीटर ग्रूट आणि जिम व्हॅन ऑस यांनी रोज किंचित कमी होत जाणाऱ्या डोसच्या पुड्यांच्या पट्ट्या तयार करवून हा प्रश्न सोडवला. आपल्या बाजारात तशी सोय नाही. म्हणून औषधाचा सर्वांत छोटा डोस कोणता मिळतो, ते द्रवरूपात मिळते का, याची चौकशी योजना लिहिण्याआधीच औषधविक्रेत्याकडे करावी लागते.

इंग्लंडमधील ‘अँटलर’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. दीर्घकाळ नैराश्यविरोधी औषध घेणारे आणि आता बरे असलेले ४७८ जण त्यात होते. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना आजार परतला, औषध बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी पाहावे. औषध सोडल्याने धोका वाढतो, हे खरे. आणि औषध सोडलेल्यांपैकी चव्वेचाळीस टक्के वर्षभर ठीक राहिले, हेही तितकेच खरे. त्या चाचणीत डोस कमी करण्याचा काळ जेमतेम दोन महिन्यांचा होता, ही बाबही विसरू नये. याच्या शेजारी विलेम कायकन आणि सहकाऱ्यांची ‘प्रिव्हेंट’ चाचणी ठेवावी (‘लॅन्सेट’, २०१५). तिथे ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांना सजगतेवर आधारित आठ आठवड्यांचे गटप्रशिक्षण आणि औषध कमी करण्यासाठी आधार मिळाला, उरलेल्यांचे औषध चालू राहिले. दोन वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण अनुक्रमे ४४ आणि ४७ टक्के होते, फरक नगण्य. दोन्ही चाचण्यांची रचना वेगळी, त्यामुळे थेट तुलना नको. तरीही आधार मिळाला की चित्र बदलू शकते, एवढी आशा त्यातून नक्की मिळते.

हे नैराश्य आणि चिंताविकारांबद्दल. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात पाऊल फार जपून टाकावे लागते, आणि हे रुग्णाला न घाबरवता पण स्पष्ट सांगावे लागते. जोआना मॉनक्रिफ यांच्या ‘रेडार’ चाचणीत (२०२३) मनोविकृतीवरील औषध हळूहळू कमी केलेल्या गटात दोन वर्षांत गंभीर पुनरुद्भव २५ टक्क्यांना झाला, औषध चालू असलेल्या गटात १३ टक्क्यांना. आणि सामाजिक जीवन सुधारेल ही अपेक्षा त्या काळात पूर्ण झाली नाही. लिथियम थांबवायचेच असेल तर किमान चार आठवडे आणि शक्यतो तीन महिने घ्यावेत, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचे मार्गदर्शन आहे. क्लोझापिनचे तर दोन दिवसांपेक्षा जास्त डोस चुकले की पूर्वीचा डोस तसाच सुरू करता येत नाही. साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावे लागते. क्लोझापिन घेणारा रुग्ण नदीकाठच्या गावात राहत असेल तर पावसाळ्याआधी त्याच्या घरी जादा साठा हवा आणि हा नियम घरच्यांना तोंडपाठ हवा. अशा रुग्णांत डोस कमी करण्याचा निर्णय एकट्या कुटुंबवैद्याने घेऊ नये, मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णासोबत बसून घ्यावा.

कुटुंबवैद्यांचे स्वतःचे क्षेत्र म्हणजे झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची सुरुवात पुष्कळदा मानसोपचारतज्ज्ञाकडे होतच नाही. ती छातीत धडधडते म्हणून, सासू गेल्यापासून झोप नाही म्हणून, दोन आठवड्यांसाठी होते आणि जुन्या चिठ्ठीवर दहा वर्षे चालते. अर्धा मिलिग्रॅम हा आकडाच फसवा आहे. न्यूकॅसलला १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे या गोळ्या सोडवण्याचे बाह्यरुग्ण केंद्र चालवणाऱ्या हेदर ॲश्टन यांच्या कोष्टकानुसार अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम हे दहा मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचे असते. ही गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिनने अन्य संघटनांसह २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कपात करावी आणि कोणत्याही दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. म्हणजे हे काम आठवड्यांचे नाही, महिन्यांचे आहे, कधी वर्षाहूनही अधिक.

त्यात आपल्याकडची खास अडचण जोडगोळ्यांची. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास विकले जातात. ती गोळी अर्धी केली की दोन्ही औषधे एकाच वेळी निम्मी होतात, आणि पुढचा त्रास कशाचा हे कोणालाच कळत नाही. म्हणून आधी दोन स्वतंत्र गोळ्या लिहाव्यात, काही आठवडे स्थिर राहू द्यावे, मग एकाच औषधाला हात लावावा.

आजार परतला की औषध सुटल्याचा त्रास, हे ओळखणे हीच यातली खरी कसोटी. काही खुणा उपयोगी पडतात. डोस कमी केल्यावर थोड्याच दिवसांत त्रास सुरू झाला, त्यात पूर्वीच्या आजारात कधी नव्हती अशी लक्षणे आहेत (डोक्यात झणझण, गरगरणे, मळमळ, भलतीच ठसठशीत स्वप्ने), आणि मागचा डोस दिल्यावर तो लवकर ओसरला, तर तो बहुधा औषध सुटल्याचा आहे. आजार परततो तेव्हा तो सहसा सावकाश, जुनी ओळखीची लक्षणे घेऊन येतो. पण हा भेद नेहमी इतका स्वच्छ नसतो. म्हणूनच कपात सुरू करण्याआधी ‘तुमचा आजार सुरू होताना पहिल्यांदा काय व्हायचे?’ हे रुग्णाच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवून घ्यावे. त्रास झाला तर मागच्या पायरीवर थांबावे, स्थिर होऊ द्यावे, पुढची कपात आणखी छोटी करावी.

सायखेड्यासारख्या ठिकाणी योजना लिहिताना कॅलेंडरसोबत शेतीचे वेळापत्रकही पाहावे लागते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून माल उतरेपर्यंत द्राक्षबागायतदाराची झोप तशीही उडालेली असते. अवकाळी पावसाचा एक फेरा वर्षाचे कर्ज उभे करतो. त्या काळात कपात सुरू करू नये. घरात फवारणीची विषारी औषधे असतात, आणि डोस बदलण्याच्या काळात आत्महत्येचे विचार येतात का हे थेट विचारणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, हे सांगताना संकोच नको. घरातल्या एका व्यक्तीला योजना माहीत असावी; ती कोण, हे रुग्णाने ठरवावे. रात्रीबेरात्री आधार हवा असेल तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चिठ्ठीवरच लिहून द्यावा. नाशिकचे मानसोपचारतज्ज्ञ आणि गावचे डॉक्टर यांच्यात दोन ओळींचा कागद फिरला, किंवा महिन्यातून एक फोन झाला, तरी रुग्णाच्या कित्येक फेऱ्या वाचतात.

कायदाही याच बाजूला उभा आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २२ नुसार प्रस्तावित उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. गोळी सुरू करतानाच ‘ही सोडताना त्रास होऊ शकतो, एकदम बंद करू नका, कमी करायची वाटली की मला सांगा’ ही तीन वाक्ये बोलणे त्या हक्कातच येते. कलम ५ प्रमाणे पुढे आपली प्रकृती बिघडली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे रुग्ण आधीच लिहून ठेवू शकतो. कपातीच्या काळात असा कागद डॉक्टर आणि कुटुंब दोघांनाही धीर देतो.

सहरुग्णांचा आधार हा भाग आपल्याकडे अगदीच परका नाही. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी येरवड्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने व्यसन सुटलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पाठीशी उभे केले. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्ण आणि नातेवाईकांना एकत्र बसून बोलायला जागा दिली. डॉक्टरांनी लिहून दिलेली, नियमाने घेतलेली औषधे सावकाश कमी करणाऱ्यांसाठी मात्र अशी जागा तालुक्याच्या पातळीवर दिसत नाही. निफाड, पिंपळगाव किंवा लासलगावात महिन्यातून एकदा, एखाद्या समुपदेशकाच्या देखरेखीखाली, आठ-दहा जण बसू शकतील एवढी खोली मिळणे अवघड नाही.

औषधविक्रेत्यांनाही यात घेतले पाहिजे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम ही औषधे एच-वन सूचीत आहेत; ती विकताना डॉक्टर आणि रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. जुन्या चिठ्ठीवर गोळी मागणाऱ्याला नुसते परत पाठवले तर ती गोळी त्याच रात्री एकदम बंद होते. त्याऐवजी विक्रेत्याने चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी रुग्णाला बोलावून घ्यावे. पुढील अंकापासून हे मासिक एकेका औषधासाठी, आपल्या बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांच्या ताकदीनुसार, डोस उतरवण्याची कोष्टके छापणार आहे. गावोगावच्या डॉक्टरांनी आपले अनुभव, फसलेल्या कपातींसह, रुग्णाची ओळख वगळून पाठवावेत.